मदत हवी आहे: केर्न्समध्ये चार दिवस, पाण्याला घाबरणाऱ्या आई आणि बोट लागणारे अण्णा

मोगरी

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नला असतो. सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत आणि इथल्या जुलैच्या थंडीनं पार गारठलेत. आई हीटरसमोरून हलत नाहीत. अण्णा स्वेटरवर स्वेटर चढवून खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतात. "इथं माणसं राहतात का गं?" असं त्यांनी दोनदा विचारून झालंय. म्हणून मुलाच्या शाळेला सुट्टी आहे तोवर चार रात्री उत्तरेकडच्या उबदार केर्न्सला न्यायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी पोहोचतो, सोमवारी संध्याकाळी परत. तिकिटं काढली, एस्प्लनेडजवळ (समुद्राकाठचा रस्ता) स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट मिळालं, गाडी भाड्यानं घेतली. पुढचं घोडं अडलंय.

अण्णा ७१ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात पण सपाटीवर तासभर चालतात. मालवणला एकदा होडीत बसले होते, ती हकीकत घरात अजून सांगितली जाते. आई ६६, पोहता येत नाही, पाण्याची धास्ती, रक्तदाबाची गोळी चालू. मुलगा ९ वर्षांचा, त्याला मगर बघायची आहे, बाकी काही नको. आम्ही सगळे शाकाहारी.

ग्रेट बॅरिअर रीफ बघायचंच आहे, पण या मंडळींना घेऊन कसं? बाहेरच्या प्रवाळावरचा मोठा तरंगता तराफा की ग्रीन आयलंड? एका दिवसात डेन्ट्रीचं जंगल करावं की ॲथर्टनचं पठार? कुरांडाच्या डोंगरातल्या रेल्वेचं एवढं कौतुक आहे, ते खरं का? आणि जेलीफिशची भीती कितपत बाळगायची? आईंनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंय, आता त्या लगूनलासुद्धा नको म्हणतात.

आगाऊ धन्यवाद.

खाडीकाठी

चार वर्षं केर्न्सला काढली, आता ब्रिस्बेनला. गावाचं नाव निघालं की मला राहवत नाही, त्यामुळे लांबण लागेल.

जेलीफिशचं आधी सांगते. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. जुलैत तो धोका फारच कमी. तरीही बोटीवर सगळ्यांना अंगभर लायक्राचा सूट देतात, तो नक्की घ्या. ऊन लागत नाही, पाणी थोडं कमी गार वाटतं. आणि माझ्या सासूबाई पाण्यात उतरल्या त्या केवळ त्या सुटामुळे. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेल्या, मग लाजायचं कशाला! लगूनमध्ये तर जेलीफिशचा प्रश्नच नाही, तो बांधलेला तलाव आहे.

आता एक निराशा उरकून टाकते. केर्न्स शहराला वाळूचा किनारा नाही. एस्प्लनेडसमोर ओहोटीला नुसता चिखल दिसतो. त्यात पक्षी मात्र छान येतात, पेलिकन तर अगदी जवळ. पोहायला म्हणूनच शहरानं २००३ साली तो खाऱ्या पाण्याचा लगून केला. फुकट आहे. गुरुवारची संध्याकाळ तिथेच घालवा आणि आईंना मास्क लावून कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवायची सवय करून द्या. पहिल्यांदाच ते समुद्रात करायला गेलं की माणूस घाबरतो आणि दिवस फुकट जातो.

रीफ: तुमच्यासाठी मी ग्रीन आयलंड म्हणेन. २७ किलोमीटर, पाऊण तासाच्या आसपास बोट. प्रवाळाच्या वाळूचं छोटं बेट आहे, त्यावर स्वतःचं जंगल, फिरायला लाकडी वाट. काचेच्या तळाची होडी मिळते. आणि पाण्याचा कंटाळा आला तर जमिनीवर परत येता येतं, ही आईंसाठी सगळ्यात मोठी सोय. तिथला प्रवाळ बाहेरच्या रीफइतका रंगीत नाही, हे मान्य.

महत्त्वाचं म्हणजे जुलैत आग्नेयेकडून जोराचे व्यापारी वारे वाहतात. आकाश निळंशार आणि समुद्र खवळलेला, असं होतं. बोटीचा दिवस आत्ताच पक्का करू नका. वाऱ्याचा अंदाज बघून, मधला कुठलाही दिवस ठेवा. सुट्ट्यांमुळे जागा भरतात, म्हणून तारीख बदलू देणारं तिकीट शोधा.

तिरकस

एवढं लांब जाऊन ग्रीन आयलंड म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून माघारी फिरण्यातला प्रकार. बाहेरच्या रीफवरच जा. दीड-दोन तास बोट लागते हे खरं, पण एकदा तराफ्यावर पोचलात की तो बोटीसारखा हलत नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी अर्धी पाण्याखाली असलेली पाणबुडीसारखी होडी असते, खिडकीशी बसून प्रवाळ बघायचा. माझी आई ७० वर्षांची, कपडे कोरडे ठेवून सगळं बघून आली.

कुरांडाबद्दल: वर जाताना रेल्वे, खाली येताना स्कायरेल (तारेवरचा पाळणा). उलट करू नका. रेल्वेत दोन तास बसून येताना मुलगा पेंगेल. गावात मात्र टोप्या आणि चुंबकं विकणारी दुकानं आहेत, तिथे अर्धा दिवस घालवू नका.

खाडीकाठी

@तिरकस, तुमची आई मालवणच्या होडीत बसली होती का? :) दोन तास जाताना आणि दोन तास येताना अण्णांनी कसे काढायचे, तेही सांगा.

रेल्वे-स्कायरेलला अनुमोदन. पण ती रेल्वे नुसती नजाऱ्याची नाही हे अण्णांना सांगा, त्यांना आवडेल. १८८२च्या पावसाळ्यात हर्बर्टनच्या कथिलाच्या खाणींवर रसद पोचेना, माणसं उपाशी राहायची पाळी आली, म्हणून किनाऱ्यापासून डोंगरावर रूळ न्यायची मागणी झाली. १८८६ला काम सुरू झालं, १८९१ला गाडी कुरांडाला पोचली. पंधरा बोगदे, मजुरांनी हातांनी खणलेले. बॅरन धबधब्यापाशी गाडी थांबते, पण जुलै कोरडा हंगाम, शिवाय पाणी वीज तयार करायला वळवतात. फोटोत दिसतो तसा धबधबा अपेक्षू नका. स्कायरेल साडेसात किलोमीटरची, जंगलाच्या माथ्यावरून जाते. मधल्या स्थानकांवर उतरून लाकडी वाटेनं थोडं फिरता येतं, गुडघ्यांना काही त्रास नाही.

शतपावली

बोट लागण्यावर: गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर कुठली गोळी चालेल ते फार्मासिस्टला विचारूनच घ्या. बोटीत खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला बसा आणि मोबाइल बघू नका. आदल्या रात्री वांग्याचं भरीत नको. (अनुभव.)

आणखी एक. स्नॉर्कलिंगला उतरणार असाल तर बोटीवर तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. साठीपुढचे आणि हृदयाचा वा फुफ्फुसाचा त्रास असलेले, यांच्यावर जास्त लक्ष ठेवतात, तरंगायला आधार देतात. माझ्या वडिलांना तो अपमान वाटला होता, म्हणून फॉर्मात रक्तदाब लपवायला निघाले होते. तसं करू देऊ नका.

मोगरी

किती पटापट उत्तरं! खूप आभार. रीफचं वाऱ्यावर सोडते, शब्दशः. रेल्वे शुक्रवारी नक्की.

आता डेन्ट्री की पठार? एक सांगायचं राहिलं. अण्णा साखर कारखान्याच्या शेतकी विभागातून निवृत्त झाले. नकाशात केर्न्सभोवती ऊस दिसल्यापासून त्यांची थंडी पळालीय. कालपासून विचारतायत, "तिथं गाळप कधी असतं?" रीफबद्दल एक अक्षर नाही.

खाडीकाठी

अहो, हे आधी सांगायचं! अण्णांना सांगा, गाळप जून ते नोव्हेंबर, म्हणजे ऐन हंगामात येताय. आणि सांगली विषुववृत्ताच्या जितकी वर, केर्न्स जवळजवळ तितकंच खाली, दोन्ही सतरा अंशांच्या आसपास. त्यांना घरच्यासारखंच वाटेल.

शहराच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर गॉर्डनव्हेल. तिथे मलग्रेव्ह कारखाना आहे, १८९६ पासूनचा. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉलीनं नाही, रुळांवरून येतो. दोन फुटी रूळ, आपल्या माथेरानच्या गाडीएवढे, थेट शेतांमधून गेलेले. रस्त्यावर लाल दिवे लागले की थांबायचं आणि मोळ्यांऐवजी तुकडे केलेल्या उसाच्या वाघिणी मोजायच्या. तोड यंत्रानं, त्यामुळे तोडकरी दिसणार नाहीत, हे आधी सांगून ठेवा.

आणि खास त्यांच्यासाठी: हुमणी, भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी. इथल्या उसालाही ती लागते. त्यावर उपाय म्हणून १९३५ साली हवाईहून मोठे बेडूक आणले आणि याच गॉर्डनव्हेलच्या परिसरात सोडले, केन टोड म्हणतात. हुमणी जमिनीखाली मुळं खात बसली, भुंगेरे उसाच्या शेंड्याला, बेडकाला ना खणता येतं ना चढता. त्यानं उसाचं काहीच राखलं नाही, पण स्वतः विषारी असल्यानं त्याला खाणारं जनावर मरतं, आणि आता तो पार पश्चिम ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलाय.

पठाराचा रस्ता गॉर्डनव्हेलहूनच निघतो, म्हणून तुमचं उत्तर पठार. पण गिलीज हायवेला एकोणीस किलोमीटरमध्ये २६३ वळणं आहेत असं सांगतात. ज्याला बोट लागते त्याला ही गाडीही लागेल. अण्णांना पुढे बसवा, नवऱ्याला सावकाश चालवायला सांगा. वर गेलात की बॅरीन तळं, ज्वालामुखीच्या स्फोटानं झालेल्या खड्ड्यातलं (लोणारसारखं उल्केचं नव्हे), काठावर चहाघर. युंगाबराजवळ कर्टन फिग. एक झाड शेजारच्यावर कललं आणि वडासारख्या पारंब्यांचा उंच पडदाच खाली उतरला. तिथवर लाकडी पूल आहे. मिला मिला धबधब्याला जुलैतही पाणी असतं. वर थंडी वाजते, स्वेटर फेकून देऊ नका.

तिरकस

आणि मगर? मुलाला विसरलात. डेन्ट्री नदीत होडीतून मगर बघायला हिवाळ्यासारखा हंगाम नाही, ऊन खायला काठावर येऊन पडतात. वर्षावन आणि रीफ, दोन्ही जागतिक वारसा स्थळं (रीफ १९८१, जंगल १९८८), केप ट्रिब्युलेशनला एकमेकांना भिडतात. तिथे तुम्ही उसाकरता जाणार नाही म्हणता?

खाडीकाठी

केप ट्रिब्युलेशनपर्यंत १४० किलोमीटर, मध्ये फेरीबोटीनं नदी ओलांडायची, सुट्टीत रांग असते, पलीकडे मोबाइल चालत नाही आणि सहाच्या सुमारास अंधार. म्हाताऱ्यांना घेऊन एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती गाडी चालवणं. नदीच्या अलीकडूनच मगरीची होडी घ्या, येताना मॉसमन गॉर्जला थांबा. तिथे गाड्या केंद्रावर ठेवून शटल बसनं आत जायचं असतं. खडकांमधून स्वच्छ पाणी वाहतं. दिसायला शांत, ओढ जबरदस्त आहे, मुलाला उतरू देऊ नका.

केर्न्समधला रस्टीज बाजार शुक्रवार ते रविवारच असतो, फळं-भाज्या तिथून भरा. तुमच्या वेळी सीताफळाचा मोठा भाऊ मिळेल, आईंना खाऊ घाला.

मोगरी (तेरा दिवसांनी)

आलो परत, सांगायला उशीर झाला. शुक्रवार कुरांडा, शनिवारी पठार, रविवारी वारा पडला म्हणून ग्रीन आयलंड (@तिरकस, कळसाचं दर्शन झालं), सोमवारी पहाटे निघून डेन्ट्रीची होडी. तीन मगरी. मुलगा खूश. मॉसमन राहिलं.

आई लगूनमध्ये मास्क लावून तयार झाल्या, बेटावर उथळ पाण्यात दहा मिनिटं उतरल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "मासे माझ्याकडंच बघत होते." अण्णा बोटीत डोळे मिटून बसले, गोळीनं निभावलं. २६३ वळणांत मात्र दोनदा थांबलो.

गॉर्डनव्हेलला उसाच्या गाडीसाठी पाऊण तास फाटकापाशी उभे होतो. अण्णांनी चाळीस वाघिणी मोजल्या, नंतर गणना चुकली म्हणून चिडले. "तोडणीला माणूसच नाही, मग गावात दिवाळी कशी होते?" हा त्यांचा प्रश्न. नवऱ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटच्या रात्री अपार्टमेंटच्या पायरीवर दिव्याखाली एक जाडा केन टोड बसला होता. मुलाला मी लांबूनच थांबवलं. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्याला म्हणाले, "काय रे, हुमणी खायला आणलं होतं ना तुला?"