‘रिफ’ला ‘मुखडा’ म्हणता येईल का?

मूळ प्रश्न (कोथरूड)

आमच्या सोसायटीच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मी मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या १९८८ सालच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमवर लेख लिहिला. संपादन करणाऱ्या काकांनी त्यातला ‘रिफ’ हा शब्द सर्वत्र खोडून तिथे ‘मुखडा’ घातला. त्यामुळे ‘या अल्बमचे बळ त्याच्या रिफांत आहे’ या वाक्याचा अर्थ असा झाला, की गाण्यांच्या पहिल्या ओळी तेवढ्या चांगल्या आहेत. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी, जिच्यावर सगळे गाणे उभे राहते अशी छोटी स्वररचना. ‘ब्लॅकन्ड’मध्ये शब्द सुरू होण्यापूर्वीच रिफाने गाणे ताब्यात घेतलेले असते आणि गायन त्यावर मागाहून बसवल्यासारखे वाटते. या अर्थाचा मराठी शब्द आहे का, की ‘रिफ’च ठेवावा? अल्बमचा मोठा दोष सांगताना, म्हणजे बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही हे लिहिताना, मी ‘खर्ज हरवला आहे’ असे म्हटले होते. त्याला मात्र काकांनी हात लावला नाही.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

‘मुखडा’ चूकच आहे. ख्यालात मुखडा म्हणजे बंदिशीचा समेवर घेऊन येणारा भाग, आणि त्याचे काम तेवढेच. मी काही वर्षे सतार शिकलो आहे, त्यामुळे मला ‘गत’ हा शब्द सुचतो. मसीतखानी गत ‘दिर दा दिर दा रा’ या बोलांवरूनच ओळखू येते, म्हणजे स्वरांइतकेच आघातांच्या क्रमालाही तिथे महत्त्व असते. मेटॅलिकाचे गायक-गिटारवादक हेटफिल्ड यांच्या वादनाचे वैशिष्ट्यही उजव्या हातातच आहे: तळव्याने तारा दाबून, एकामागून एक खालच्या दिशेने मारलेले कोरडे आघात. शब्दांवाचून पूर्ण असलेली वाद्यरचना म्हणून ‘गत’ इथे शोभतो.

प्रतिसाद (कसबा पेठ)

गत ही बरीच मोठी गोष्ट झाली, शिवाय तिच्याबरोबर राग येतो, विस्तार येतो. आमच्या ढोलपथकात ‘हात’ हा शब्द आहे. ‘पहिला हात’, ‘दुसरा हात’ असे आम्ही म्हणतो आणि नदीपात्रातल्या सरावात नवीन मुलांना आधी हातच शिकवतो. ठरलेला आकृतिबंध, सगळ्यांनी मिळून, चूक न करता, थकेपर्यंत वाजवायचा, हे रिफाचेच वर्णन आहे. हातात स्वर नसतो, हे मला मान्य आहे. पण या अल्बममधल्या ‘वन’च्या उत्तरार्धात गिटार आणि ड्रम एकाच आकृतिबंधात गोळ्यांच्या फैरीसारखे वाजतात, तिथे स्वर कुठे संपतो आणि ठोका कुठे सुरू होतो हे सांगणे मला तरी कठीण वाटते.

प्रतिसाद (सहकारनगर)

‘रिफ’ राहू द्यावा, तो आता मराठीच आहे. मला आक्षेप आहे तो ‘खर्ज’ या शब्दाच्या वापरावर, आणि काकांनी तो तपासायला हवा होता. खर्ज हे षड्जाचे रूप आहे. उत्तरेकडे ‘ष’चा उच्चार ‘ख’ होत असे, त्यातून ‘खरज’ आणि पुढे ‘खर्ज’ आले. म्हणजे खर्ज हा एक विशिष्ट स्वर आहे, खालच्या सगळ्या स्वरांची जागा नव्हे. बेस गिटार गिटारच्या एक सप्तक खाली लावलेली असते, तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला आणि गिटारची ८२ हर्ट्झला. यासाठी ‘मंद्र’ हा नेमका शब्द आपल्याकडे असताना षड्जाचे नाव त्याला का द्यावे?

मूळ प्रश्नकर्ता (कोथरूड)

‘मंद्र हरवला आहे’ हे वाक्य बिनचूक आहे, पण त्याने वाचकाच्या पोटात काही हलत नाही. १९८६मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बँडचे बेसवादक क्लिफ बर्टन गेले, त्यांच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेड यांचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम. त्यांनी बहुतेक ठिकाणी गिटारचाच रिफ खालून वाजवला आणि अंतिम मिश्रणात तो गिटारखाली गाडला गेला. ड्रमचा आवाज कोरडा, गिटार धारदार, आणि खाली जमीनच नाही. मला हे ‘खर्ज’ या शब्दातूनच सांगता येते. आणि माझा प्रश्न रिफाचा होता, याची नम्रपणे आठवण करून देतो.

प्रतिसाद (औंध)

रिफासाठी ‘पालुपद’ चालेल का? पालव म्हणजे पदराचे टोक, आणि पदर जसा पुन्हा पुन्हा खांद्यावर येतो तसे परतणारे पद ते पालुपद, अशी माझी समजूत आहे. शिवाय ‘तेच ते पालुपद’ या वापरात कंटाळ्याची छटा आहे, ती इथे उपयोगी पडेल. नऊ गाणी आणि पासष्ट मिनिटे म्हणजे सरासरी सात मिनिटांहून मोठे गाणे. काही रिफ दोनदा कमी आले असते तर अल्बम अधिक बळकट झाला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रतिसाद (सदाशिव पेठ)

पालुपद शब्दांचे असते. छापील पदांच्या पुस्तकांत ‘ध्रु॰’ असे लिहिलेले असते तेच ते. वाद्याला ते लावू नये. खर्जाबद्दल मात्र सहकारनगरकरांना विचारावेसे वाटते, की तंबोऱ्याच्या चौथ्या तारेला आपण काय म्हणता?

प्रतिसाद (सहकारनगर)

खर्जच म्हणतो, कारण ती षड्जातच मिळवतात. आपले उदाहरण माझेच म्हणणे सिद्ध करते.

प्रतिसाद (नारायण पेठ)

माझे वडील आमच्या वाड्यात पहाटे पाचला तंबोरा घेऊन बसत. षड्जावरून ते सावकाश एकेक स्वर उतरत मंद्र पंचमापर्यंत जात आणि तिथे श्वास संपेपर्यंत थांबत. त्या पंचमाने कपाटातली भांडी थरथरत. स्वयंपाकघरातून आई आम्हाला सांगे, “उठू नका अजून, त्यांचा खर्ज चाललाय.”