मुलाखतीत आपली बलस्थाने आणि उणिवा कशा सांगितल्या? आपले अनुभव लिहावेत

कोथरूडकर
माझी भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून सध्या कॅम्पस मुलाखतींची तयारी करत आहे. उणिवेच्या प्रश्नाला तिने पाठ केलेले उत्तर, म्हणजे 'मला प्रत्येक काम निर्दोषच लागते', ऐकले आणि हिंजवडीतील माझी पहिली मुलाखत आठवली. चार लोकांसमोर बोलताना माझा आवाज अडखळतो आणि म्हणूनच महाविद्यालयातील सादरीकरणात सुरुवातीचा भाग मी मुद्दाम मागून घेते, असे मी तेव्हा सांगितले होते. त्यानंतर समोरच्या बाईंनी बराच वेळ त्याविषयीच विचारले आणि ती नोकरी मला मिळाली. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

मगरपट्टा_निवासी
मी नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेते. 'मी मेहनती आहे' हे वाक्य आम्ही दिवसभर ऐकतो, त्यामुळे त्यापाठोपाठ एखादा प्रसंग आला नाही तर आमच्या कागदावर काहीच उतरत नाही. उलट एका मुलाने गटातील दोघे ऐन वेळी आजारी पडल्यावर प्रकल्पाचे काम कसे वाटून घेतले, ते इतके नेमके सांगितले की त्याला गुणाचे नाव घ्यावेच लागले नाही. उणीव ऐकताना मी एवढेच पाहते की ती या माणसाला खरोखर जाणवली आहे का आणि तो तिच्यावर काय करतो आहे.

माजी_उमेदवार
सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) हा प्रश्न तोंडी येण्याआधी लेखी येतो. आई-वडील, शिक्षक, मित्र आणि आपण स्वतः यांचे आपल्याविषयी काय मत आहे आणि आपल्याला कसे व्हायचे आहे, हे सारे १५ मिनिटांत लिहायचे असते. मी जाण्यापूर्वी आईला हे खरेच विचारले. ती म्हणाली, "तू सगळ्यांचे ऐकून घेतोस, पण ठरवायला फार वेळ लावतोस." मी तेच लिहिले, आणि पुढे मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझ्या निर्णयांविषयी खोदून विचारले तेव्हा सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते.

सदाशिव_पेठ
१५ मिनिटांत पाचही परिच्छेद पूर्ण होतात का?

माजी_उमेदवार
आधी विचार केलेला असेल तर होतात. तिथे बसून आठवू लागलात तर शेवटचा परिच्छेद राहतो.

भोसरीची_लेखापाल
माझ्या बाबतीत उणिवेपेक्षा बलस्थान सांगणेच अवघड होते, कारण स्वतःची स्तुती स्वतः करू नये, असेच आमच्या घरी शिकवले गेले. मुलीच्या जन्मानंतर नोकरीत खंड पडला होता आणि परत येताना मी स्तुती टाळून फक्त काम सांगायचे ठरवले: जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा कारखान्याची व्हॅटची खाती नव्या पद्धतीत मी नेली, पुरवठादारांच्या बिलांचा मेळ मी घातला. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिले सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवणे, मी घरी असताना सुरू झाले, त्यामुळे ते मी प्रत्यक्ष हाताळलेले नाही, पण त्याचा अभ्यासवर्ग लावला आहे, हेही मी विचारण्याआधीच सांगितले. खंड पडलेल्या भगिनींनी हे जरूर करावे. खंडाविषयीचे अवघडलेपण त्याने बरेच कमी होते.

सदाशिव_पेठ
आपली उणीव त्या कामाच्या मुळावरच येणारी असेल तर काय करावे? मी लेखनिक पदासाठी जाणार आहे आणि माझा टंकलेखनाचा वेग कमी आहे.

मगरपट्टा_निवासी
तो लपवू नका, कारण अशा पदांना बहुधा चाचणी असते आणि तिथे तो दिसतोच. आजचा वेग किती, महिन्यापूर्वी किती होता आणि रोज किती वेळ सराव करता, हे आकड्यांत सांगा. आजपासून नोंद ठेवायला लागा.