रुब्लेव्हच्या ‘पवित्र त्रैक्या’ची प्रतिकृती: पाट उलटे का दिसतात?

रेघोट्या
रशियन चित्रकार आंद्रेई रुब्लेव्हच्या ‘पवित्र त्रैक्या’ची प्रतिकृती 24 × 30 सेंमीच्या फळीवर करायला घेतली आहे. त्यात पिता, पुत्र ख्रिस्त आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य मेजाभोवती बसलेल्या तीन देवदूतांच्या रूपात आहे. देवदूतांच्या पायांखालचे पाट मागे जाताना रुंद होतात. त्यांच्या रेषा मागे एका बिंदूत मिळवल्या तर मधला देवदूत पार लांब गेल्यासारखा वाटतो. काय करावं? आणि मधला ख्रिस्त असेल तर त्याच्या प्रभावलयात क्रूस हवा ना?

पिवळा_बलक
फळीचं माप छान साधलंय. मूळ चित्र साधारण 142 × 114 सेंमी, म्हणजे प्रमाण जवळपास तेच.

पाटांना हात लावू नका. इथे रेषा आत पळत नाहीत, बघणाऱ्याच्या दिशेने जवळ येतात. मेजाची पुढची बाजू मोकळी आहे, ती आपली जागा. कडेच्या दोघांच्या आतल्या कडा, आसनं आणि पाट मिळून एका मोठ्या प्याल्याचा आकार होतो. मेजावरचा छोटा प्याला त्याच्या पोटात. पाट ‘सुधारले’ की मोठ्या प्याल्याचा तळच मोडतो.

आधी कंपासने तिघांना सामावणारं वर्तुळ हलकं काढा, देवदूतांच्या माना त्यानंतर. उजवीकडचा डोंगरही त्याच वळणाने झुकलाय, तो ताठ उभा केलात तर वर्तुळ फुटलंच.

गेरू_काजळी
क्रूस नको. मुळात तिन्ही प्रभावलयं साधी आहेत. 1551 च्या मॉस्कोच्या धर्मसभेत हाच प्रश्न निघाला होता, कारण काही चित्रकार मधल्याला क्रूस देत. निर्णय झाला: ग्रीक चित्रकारांनी आणि रुब्लेव्हने रंगवलं तसंच रंगवा, वर ‘पवित्र त्रैक्य’ एवढंच लिहा. गडद लाल अंगरखा, त्यावर सोनेरी पट्टा आणि निळं वस्त्र हा ख्रिस्ताचा नेहमीचा वेश, म्हणून बरेच जण मधल्याला ख्रिस्त मानतात; काही जण पिता म्हणतात. शिक्का आपण कशाला मारायचा?

रिकामं वाटतं म्हणून अब्राहाम आणि सारा घुसडू नका. बायबलातल्या उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायात तीन पाहुणे या जोडप्याकडे येतात, तोच हा प्रसंग; पण चित्रातलं घर, झाड, डोंगर तेवढं पुरे.

पिवळा_बलक
रंगाचंही सांगतो. अंड्याच्या बलकाची पातळ त्वचा काढून टाका, बलकाइतकंच पाणी घाला. रंगभुकटी आधी पाण्यात वाटून तिच्यात तेवढंच हे मिश्रण. बलक जास्त झाला तर थर चमकतो आणि पुढे तडकतो. कमी झाला तर बोट फिरवताच भुकटी हाताला येते. चेहरे गडद हिरवट-तपकिरीवरून उजळत न्या. पार्श्वभूमीचा मळकट रंग मात्र तसाच रंगवू नका: तिथे सोनं होतं, ते बहुतेक झडून गेलंय.