मुलीला प्राचीन ग्रीक शिकायचं आहे, अकरावीत परदेशी पाठवावं का? (नागपूर)

धरमपेठची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीत आहे, स्टेट बोर्ड, पूर्ण संस्कृत. मागच्या दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेलो तेव्हा कार्ल्याची लेणी पाहिली. तिथल्या काही खांबांवर "धेनुकाकटच्या यवनाने दिलेला खांब" अशा अर्थाचे लेख कोरलेले आहेत. यवन म्हणजे ग्रीक, हे तिला तिथे कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. चोवीस अक्षरं स्वतःची स्वतः शिकली. फिजिक्सच्या वहीच्या समासात ग्रीक अक्षरांत आमची नावं लिहून ठेवते. आता म्हणते, अकरावीत एक वर्ष बाहेर जाऊन प्राचीन ग्रीक शिकायचं आहे.

आम्ही दोघंही नोकरदार. पाच लाखांपर्यंत कसंबसं जमवू, त्यापुढे नाही. बर्डीवर एका सल्लागाराकडे जाऊन आलो. त्याने दहा दिवसांचा ग्रीसचा "अभिजात भाषा कार्यक्रम" दाखवला, अडीच लाखांचा. मी वेळापत्रक मागितलं. दहा दिवसांत भाषेचे तास मोजून तीन, बाकी बस आणि हॉटेलं. उठून आले.

कोणी मुलांना पाठवलंय का? कुठे पाठवावं? वर्ष वाया जातं का? नातेवाईक म्हणून राहिलेत की "मेलेली भाषा शिकून काय करणार", त्यावर उत्तर नको आहे, ते मी देते.

लुङ्_लकार

ताई, मी रामटेकला संस्कृत शिकवतो, आणि ग्रीक गेली बारा वर्षं वाचतो. वाचून फार आनंद झाला. परदेशाचं नंतर बोलू. आधी हे सांगतो, की तुमच्या मुलीची निम्मी वाट झालेली आहे आणि तिला ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

तिला संध्याकाळी कागदावर दोन रांगा लिहायला सांगा. एकीकडे भरति, दुसरीकडे ग्रीक फेरेइ. अर्थ एकच, वाहून नेतो. आता भूतकाळ करा: आपल्याकडे लङ् मध्ये धातूच्या आधी अ लागतो, अभरत्. ग्रीकमध्ये ए लागतो, एफेरे. आत्मनेपद घ्या: भरते, तिकडे फेरेताइ. ददामि घ्या, तिकडे दिदोमि. दधामि, तिकडे तिथेमि. आणि इथे थांबून बघा: दोन्ही भाषांत धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं आणि दोन्हीकडे पहिल्या आवृत्तीतला महाप्राण, म्हणजे अक्षरातला ह चा श्वास, जातो. ध चा द, थ चा त. आपल्याकडे पाणिनीने त्यासाठी "अभ्यासे चर्च" सांगितलं. युरोपात हरमान ग्रासमान या जर्मन माणसाने 1863 साली दोन्ही भाषा शेजारी ठेवून या महाप्राणाच्या लोपाचा नियम मांडला.

सः, सा, तत् हे तिथे हो, हे, तो होऊन बसलेत, आणि जवळजवळ प्रत्येक नामाच्या आधी लागतात. सप्तचं हेप्ता. एकदा स चा ह होतो हे लक्षात आलं की शब्द आपोआप ओळखीचे व्हायला लागतात. विभक्त्या आठ नाहीत, पाचच. द्विवचन आहे. विध्यर्थाला स्वतंत्र रूपं आहेत. ज्या गोष्टींनी बाकीची मुलं पहिल्या वर्षी रडकुंडीला येतात त्या तिने आठवीपासून पाठ केल्या आहेत.

उच्चारांचंही तसंच. प्राचीन अथेन्समध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे वेगळे होते, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो फरक कानाला कळत नाही, शिकवावा लागतो. आपल्या पोरांना पाळण्यात येतो. (फक्त फ ओठ चावून म्हणू नये, "फळ"मधला फ म्हणावा.)

अवघड काय, तेही सांगतो. क्रियापदाची सहा मूळ रूपं पाठ करावी लागतात आणि त्यात नियमापेक्षा अपवाद जास्त. कृदंतं इतकी की एका वाक्यात तीन-तीन. तिथे पाठांतराशिवाय गत्यंतर नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दहावीच्या परीक्षेनंतर जून अखेरपर्यंत घरी पाया घाला. "अथेनाझे" हे गोष्टीतून शिकवणारं पाठ्यपुस्तक घ्या, त्याचा नायक शेतकरी आहे, बैल-नांगरापासून सुरुवात होते, आपल्याकडच्या मुलांना जवळचं वाटतं. शब्दकोश आणि मूळ ग्रंथ पर्सियस डिजिटल लायब्ररीवर फुकट आहेत. पाया नसताना बाहेर पाठवलंत तर ती तिथे अक्षरं गिरवण्यात तुमचे पाच लाख घालवेल.

तोरिनोहून_परत

काकू, मी जाऊन आलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मूळची अमरावतीची, सोळाव्या वर्षी एएफएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या विद्यार्थी देवाणघेवाणीतून इटलीत एक शालेय वर्ष केलं. तिकडे त्यांची संस्था इंटरकल्चुरा नावाने चालते. कुटुंबात राहायचं, त्यांच्या शाळेत जायचं.

इटलीत "लिचेओ क्लासिको" नावाची पाच वर्षांची माध्यमिक शाळा असते. साधारण चौदाव्या वर्षी सुरू. लॅटिन आणि प्राचीन ग्रीक दोन्ही सक्तीचे. ग्रीक पहिली दोन वर्षं आठवड्याला चार तास, पुढची तीन वर्षं तीन तास. सरकारी शाळेत. इतकी मुलं एवढ्या नेमाने ग्रीक शिकताना दुसरीकडे क्वचितच दिसतील.

पण दोन गोष्टी मला जाण्याआधी कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली: शाळा तुम्ही निवडत नाही. ज्या कुटुंबात जागा मिळेल त्या गावातली शाळा. मला लिचेओ क्लासिको मिळालं हे माझं नशीब. माझ्याबरोबरच्या एका मुलाला विज्ञानाचं लिचेओ मिळालं, तिथे ग्रीक नाहीच. अर्जात स्पष्ट लिहा, मुलाखतीत पुन्हा सांगा, तरी खात्री नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची: ग्रीक तिथे इटालियनमधून शिकवतात. मला वयानुसार चौथ्या वर्षात बसवलं. पहिल्याच महिन्यात "वेर्सिओने" होती. म्हणजे ग्रीक उतारा समोर, दहा-पंधरा ओळी, दोन तास, शब्दकोश वापरायची परवानगी. शेजारच्या मुलीने तिचा रोच्ची मला दिला, विटेएवढा जाड शब्दकोश. मी ग्रीक शब्द शोधला, मिळाला, त्याखाली बारीक अक्षरात इटालियन अर्थ आठ. त्या आठांपैकी एकही मला येत नव्हता. मोबाईल वर्गात बंद. दोन तासांत मी एका वाक्यातला एक शब्द लिहिला: "समुद्र". तो माहीत होता कारण त्या उन्हाळ्यात गेले होते.

बाईंनी कागद बघितला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ग्रीकच्या तासाला मला पहिल्या वर्षाच्या वर्गात पाठवलं, चौदा वर्षांच्या मुलांमध्ये. तिथे मी शिकले. मार्चमध्ये त्या वर्गात विभक्त्यांत माझी चूक होत नव्हती, संस्कृतमुळे. बाईंना मी देव शब्द चालवून दाखवला, त्यांनी फळ्यावर शेजारी ग्रीक "लोगोस" चालवला आणि सगळा वर्ग बघत बसला.

तर काकू, इटलीला पाठवायचं तर ग्रीकच्या आधी इटालियन. सहा महिने तरी. आणि वर्षाबद्दल: परत आल्यावर मी अकरावी पुन्हा केली. तिथलं वर्ष इथे धरलं गेलं नाही. पाठवण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या, तोंडी "बघू" वर जाऊ नका. खर्च मी सांगितला तर जुना होईल, पण तो पाचात बसत नाही. शिष्यवृत्त्या असतात, अर्ज जवळजवळ वर्षभर आधी.

तर्री_पोहा

ताई, एक वर्ष कशाला? आधी उन्हाळी वर्ग करा ना बापा. इंग्लंडमध्ये डॉर्सेटला ब्रायनस्टन शाळेत जॅक्टचं (अभिजात भाषांच्या शिक्षकांची संघटना) ग्रीक उन्हाळी शिबिर भरत आलं आहे. दोन आठवडे, रोज भरगच्च तास, अगदी नवशिक्यांपासून गट, मुख्यतः शाळेच्या शेवटच्या वर्षांतली मुलं. शिकवणं इंग्रजीतून, म्हणजे वरची अडचण नाही. माझ्या भाचीने केलं. म्हणाली, सकाळी व्याकरण, दुपारी वाचन, रात्री नाटकाची तालीम, आणि जेवताना पण शब्दच. आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो, लाजू नका, करा.

अडचण एकच. त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्ट. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे ती जाईल तेव्हा इथे अकरावी नुकतीच सुरू झालेली असेल. कॉलेजला आधी सांगून ठेवा. बारावीच्या वर्षी तर नावच काढू नका.

व्हिसाची_फाईल

थोडक्यात. इंग्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) नाही, त्याचा व्हिसा वेगळा. इटली-ग्रीससाठी 90 दिवसांपर्यंत शेंगेन, त्याहून जास्त राहायचं तर त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. शेंगेनला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. अल्पवयीन असल्यामुळे आई-वडील दोघांची संमती, नोटरी करून. बोटांचे ठसे द्यायला मुंबई धरून चाला. पासपोर्टवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक ए जास्त निघाला आणि दीड महिना गेला.

धरमपेठची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तोरिनोहून परत, तुझं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. "समुद्र" ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, मला पहिल्या वर्षाच्या वर्गात बसायला चालेल. एक विचारायचं होतं, ग्रीस का नको? तिथे तर शाळेत सगळेच शिकतात ना?

लुङ्_लकार

शिकतात, पण आधुनिक ग्रीकमधून आणि आधुनिक उच्चारांनी. म्हणजे पुन्हा आधी एक भाषा शिकायची, आणि प-फचा जो फायदा मी वर सांगितला तोही बराचसा जातो. ग्रीसला तिने जरूर जावं, पण वाचता यायला लागल्यावर.

सेमिनरी_हिल्स_फिरायला

ताई, तुम्ही धरमपेठेत राहता. सेमिनरी हिल्स हे नाव कशावरून पडलं? सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. धर्मगुरू घडवणारी संस्था आहे, आणि बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्येच आहे. अशा ठिकाणी ग्रीक जाणणारी माणसं असतात. शाळकरी मुलीला शिकवायला कोणी तयार होईल का ते जाऊन विचारा, नाही म्हटलं तर काय बिघडलं? ती ग्रीक प्लेटोच्या नंतरची, कोइने म्हणतात, थोडी सोपी, पण पाया तोच. मी निवृत्त माणूस, रोज सकाळी तिकडे फिरायला जातो.

आणि एक. तिला कार्ल्याने वेड लावलं ना? मग "पेरिप्लस" वाचायचं ध्येय द्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली समुद्रप्रवासाची माहिती आहे, कोइनेमध्येच. त्यात आपलं पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, कल्याण आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांची वाट आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तेर, असं तो लिहितो. आपल्या मुलीने हे भाषांतरातून कशाला वाचावं?

धरमपेठची_आई

काल शनिवारी सेमिनरीत जाऊन आलो. फाटकावरच्या माणसाने आत निरोप दिला, अर्धा तास थांबलो, मग एक वयस्क फादर आले. त्यांनी लेकीला विचारलं, का शिकायचंय? तिने पैठणचं सांगितलं. त्यांनी तिच्या हातातली वही घेतली, समासातली आमची नावं वाचली आणि तिच्या बाबांच्या नावातला एक स्वर दीर्घ करून दिला. बोर्डाची परीक्षा झाली की दर शनिवारी सकाळी एक तास, फी नाही, रूपं पाठ नसली तर वर्ग नाही, असं ठरलं.

पुढच्या जुलैचं इंग्लंडचं शिबिर डोक्यात आहे, अकरावीच्या कॉलेजला प्रवेशाच्या वेळीच विचारणार. इटली त्यानंतर. लुङ् सर, "अथेनाझे"चा पहिला भाग नागपुरात कुणाकडे जुना मिळेल का? आणि त्या सहा रूपांची यादी इथे टाकाल का? ती आत्ताच मागून राहिली आहे, मी परीक्षेनंतर म्हणतेय.