‘समुद्रकिनारी बसून बाळांचे आकडे’ हे कुणी सांगितलं तुम्हाला?

सुरंगी
परवा इथे ‘कोकणातल्या पोरांनो, हेल्थ डेटा ॲनालिस्ट व्हा’ असा लेख आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: सहा महिने ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, जमलं तर तसंच दुसरं ‘स्टाटा’, माता-बाल संशोधनात मागणी आहे, मग गुहागरला पडवीत झोपाळ्यावर बसून पुण्या-लंडनच्या प्रकल्पांचं काम करा. गावोगाव फिरायची कटकट नाही, ‘डेटा येतोच’. खाली टाळ्याच टाळ्या.

डेटा येतोच. नळाला येतो का?

मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करते, गरोदर माता आणि दोन वर्षांपर्यंतची बाळं. जन्मवजनाचा आलेख काढा, २५०० ग्रॅमवर एक दांडा दिसेल, शेजारच्या सगळ्यांपेक्षा उंच. २४५० जवळजवळ रिकामं. कोकणातल्या बायकांना मापून अडीच किलोची बाळं होतात असं नाही. काटा शंभर-शंभर ग्रॅमचा, बाळ हातपाय झाडतंय, आणि अडीचच्या खाली लिहिलं की ते ‘कमी वजनाचं’. म्हणजे जादा भेटी, जादा रकाने, मीटिंगमध्ये जादा प्रश्न. २४५० चं २५०० व्हायला कुणाच्या पोटात पाप असावं लागत नाही.

शेवटच्या पाळीची तारीख तर विचारूच नका. बाई सांगते, ‘नारळी पौर्णिमा झाली न् दोन-तीन दिवसांनी.’ आशाताई भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख लिहिते. मग ती एक्सेलमध्ये जाते, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर महिना आधी, दिवस नंतर असं सेटिंग असतं. दिवस १२ च्या पुढचा असेल तर एक्सेलला तारीख कळत नाही, तो मजकूर म्हणून पडून राहतो, म्हणजे निदान सापडतो. १२ च्या आतली तारीख गुपचूप उलटते. ८ जुलैची ७ ऑगस्ट झाली की एकोणचाळीस आठवड्यांचं चांगलं भरल्या दिवसांचं बाळ कागदावर पस्तिशीच्या आत येतं आणि ‘अपुऱ्या दिवसांचं’ ठरतं. कोड बिनचूक चालतो, पेपरही छापून येतो.

ज्याने उपकेंद्रातलं रजिस्टर उघडून पाहिलेलं नाही त्याने हे काम करू नये. एवढंच म्हणणं आहे.

पी व्हॅल्यू
भावना पोचल्या. मूळचा मीही गुहागरचाच, आणि हो, घरी झोपाळा आहे.

आता मुद्दा. तुम्ही जे दोन दोष सांगितलेत ते दोन्ही उपकेंद्रात न जाता दिसतात. २५०० चा दांडा आलेखात दिसतो हे तुम्हीच लिहिलंय. त्यावर उपायही जुना आहे: युनिसेफच्या अंदाजांत नेमकी २५०० नोंदलेल्यांतली पाव बाळं कमी वजनाच्या खात्यात टाकत. ते ढोबळ वाटत असेल तर सीमारेषा सोडा, सरासरी वजन वापरा. तारखांचं म्हणाल तर वर्ष-महिना-दिवस असा एकच नमुना सक्तीचा करा आणि गरोदरपणाचे दिवस पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून धरा. यात तीर्थयात्रा कुठे आली?

उलट मला भीती वेगळीच आहे. तुम्ही त्या ताईंच्या घरी चहा प्यायलात की त्यांच्या आकड्यांवर शंका घ्यायला जीभ रेटत नाही. विश्लेषण करणाऱ्याने फॉर्म भरणाऱ्याचा चेहरा पाहूच नये या मताचा मी आहे.

सुरंगी
पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी! मंडणगडच्या आतल्या वाडीतली बाई बाराव्या आठवड्याआधी नोंदणीला आली तरी आम्ही देवाला नारळ देतो. यंत्र तालुक्याला, डॉक्टर ठरावीक वारी, आणि पावसात एसटी येईल तेव्हा. तुमचा नमुना फार सुंदर आहे हो, त्यात फक्त माणसं बसत नाहीत.

आणि चेहरा पाहू नये म्हणता, तर पुण्याच्या केईएम संशोधन केंद्राचा नव्वदच्या दशकातला अभ्यास आठवा. सरासरी २.७ किलोची बाळं, दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, हे त्यांना कळलं कारण कुणीतरी बाळाच्या पाठीची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजली. दोघींनी एकाच बाळाला मोजलं तर आकडा जुळतो का, हे बघायला समोर उभं राहावं लागतं.

निवृत्त सिस्टर
तुम्ही दोघंही छान भांडता आहात. आमच्या नावाने.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स होते, नोकरी सगळी राजापूर-लांज्यात झाली. ‘२४५० चं २५००’ वाचून राग आला, म्हणून लिहायला बसले. आम्हाला दिलेला काटाच असा होता. झोळी अडकवायची, झोळीचं वजन वजा करायचं, आणि काटा दोन रेघांच्या मधे थांबला तर कुठली रेघ धरायची हे कोणत्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं? मी वरची धरायची. दुसरी खालची धरत असेल. यात ‘पाप’ कुठे आलं?

हिमोग्लोबिनचं कुणी काढलं नाही अजून, मीच काढते. साहलीच्या नळीत ॲसिड, त्यात रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचं. ती काच वर्षानुवर्षं उन्हात फिकट झालेली. जुलैचा महिना, लाइट नाही, बाहेर काळोख, दारात पंधरा बायका, आणि मी खिडकीशी नळी धरून बघतेय की हा ९ चा तपकिरी की १० चा. ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र. अशा उजेडात तुमचा दशांश कसला काढताय?

वर एकच आई माता-बाल आरोग्याच्या आरसीएच रजिस्टरला, तीच पोर्टलला, तीच टॅबमध्ये, तीच माता-बाल कार्डावर. त्यावर संशोधनवाल्यांचा चौदा पानी फॉर्म. फॉर्म घेऊन जातात, निष्कर्ष परत कुणी आणून देत नाही. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या बायकांनी सरकारी मोबाइल परत केले तेव्हा शहरात सगळे हसले. पोषण ट्रॅकर हे ॲप तेव्हा इंग्रजीत, फोन गरम होऊन बंद पडणारा. आता त्याच आकड्यांवर तुमचे पगार.

अकरा महिने
पगार? कुठल्या पगाराबद्दल बोलताय सिस्टर? माता-बाल प्रकल्पात ॲनालिस्ट म्हणून लागलो तेव्हा ऑर्डर अकरा महिन्यांची, एक दिवस ब्रेक, पुन्हा अकरा महिने. निधी संपला तसा मीही संपलो. डेटा साफ केला मी, पेपरवर नाव साहेबांचं. आता विम्याच्या कंपनीत आहे, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. उपकेंद्रात जावं की झोपाळ्यावर बसावं हे नंतर ठरवा, आधी माणूस टिकतो का बघा.

बांद्याचो झील
रत्नागिरीवाल्यांचा ठीक असा. आमच्या सिंधुदुर्गात आकडे मोजूक आई जिल्ह्यात ऱ्हवली तर ना! माझ्या बायलेक सातव्या म्हयन्यात बीपी चढला, पाय सुजले. सावंतवाडीत बघितल्यानी आणि सांगितल्यानी, ‘बांबोळीक जावा,’ म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. रात्र, पाऊस, पत्रादेवीचो नाको. पोरगो बांबोळीत झालो, दीड किलोचो. आता मस्त असा, शाळेत मारामारी करता. पण त्याच्या जल्माच्या दाखल्यार गोवा! शाळेत विचारतत, ‘तुम्ही गोव्याचे?’

२०१८ पास्ना परप्रांतीय म्हणान आमच्याकडसून पैसे घेवक लागले ता वेगळाच. दर इलेक्शनाक मल्टिस्पेशालिटी हॉस्पिटलाचो नुसतो शब्द. २०२१ ला ओरोसाक मेडिकल कॉलेज झाला, तरी ‘बांबोळीक जावा’ सुटला नाय.

पणजीकार
बाब्या, पैसे ‘घेवक लागले’ म्हणतोस, पण वॉर्डात एका खाटेवर दोघी बाळंतिणी बघितल्या आहेस का? गोव्याचा करदाता महाराष्ट्राची बाळंतपणं किती वर्षं करणार? तुझं सरकार कोकणाला विसरलं, त्याची शिक्षा आमच्या नर्सेसना का?

बांद्याचो झील
बघितलंय मा, माझीच बायल दुसऱ्या बाईवांगडा एका खाटेर होती! आणि तुमच्या म्हापशाच्या बाजारात भाजी खंयसून येता, दूध खंयसून येता, ता बंद करूया काय? करदातो म्हणे.

पणजीकार
भाजी विकत घेतो, फुकट नाही. फरक समजत नसेल तर राहू दे.

चिपळूणकर
झालं. विषय काय, चाललंय काय. आता आंब्याच्या पेट्यांवर या म्हणजे धागा पूर्ण होईल.

सुरंगी
भांडू द्या त्यांना, कारण बाब्याने नकळत या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा काढलाय.

पी व्हॅल्यू, त्याच्या बायकोची नोंद सिंधुदुर्गाच्या रजिस्टरला कशी असेल सांगते. नोंदणी, तपासण्या, बीपी, मग शेरा ‘रेफर’, आणि पुढचे रकाने कोरे. बाळ जगलं की नाही, वजन किती, काही नाही. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे, म्हणजे गोव्यात. तुम्ही पडवीत बसून काय करणार? परिणाम नसलेल्या ओळी काढून टाकणार. पण त्या ओळी चिठ्ठ्या टाकून कोऱ्या झालेल्या नाहीत. झटके आलेल्या, रक्तस्राव झालेल्या, सातव्या महिन्यात कळा आलेल्या बायकाच निघून गेल्यात. उरलेल्यांवरून सरासरी काढलीत की सीमेलगतचे तालुके एकदम गुटगुटीत बाळांचे. मग कुणीतरी बातमी करतं.

माहेरपणाचंही तेच. नोंदणी नालासोपाऱ्यात, सातव्यात ओटी भरून बाई देवरुखला, बाळंतपण तिथे, आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत. आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. कुठल्या आशाने? मुंबईतली म्हणते गावी गेली, गावची म्हणते आमच्या यादीत नाही.

पी व्हॅल्यू
बरं. रेफरच्या ओळी नुसत्या गाळणं चूक, हे मान्य. अर्थात हे कळायला बांद्याला जावं लागलं नाही, बाब्याने झोपाळ्यापर्यंत आणून दिलं. आणि माझ्या पद्धतीतही ‘कोऱ्या ओळी कोणाच्या’ हा तक्ता पहिला काढतात, शेरा आणि बीपी शेजारी ठेवले की नमुना दिसतोच. पण दिसल्यावर कोरा रकाना भरणार कसा? रेफर झालेल्यांत परिणाम माहीत असलेलीच सापडली नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर अंदाज कशावर बांधणार? तिथे माझ्याकडे उत्तर नाही. अभिनंदन.

एक मात्र सोडणार नाही. तालुकावार मातामृत्यू दराचे नकाशे काढणारे तुमचे मैदानावरचेच लोक असतात. हा दर एक लाख जिवंत जन्मांमागे. तालुक्यात वर्षाला हजार जन्म धरा: एक आई गेली तर दर १००, कुणीच गेली नाही तर शून्य. अख्ख्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा दर ३३, तोही तीन वर्षं एकत्र करून काढलेला. आणि हे लाल-हिरवे तालुके रंगवून कलेक्टरसमोर ठेवतात.

सुरंगी
तो नकाशा मीही अडवते. अडवल्यावर ‘मॅडम फार पुस्तकी आहेत’ असं ऐकते. चला, एका बाबतीत आपण दोघंही नावडते.

निवृत्त सिस्टर
कोरा रकाना भरायचा तर ४२ व्या दिवशी फोन करा. एवढं साधं आहे, त्याला परदेशी प्रकल्प कशाला हवा?

बांद्याचो झील
फोन कोणाक करतलास? कार्डार नंबर माझो, मी मुंबयक कामाक. बायलेकडे फोन नाय होतो तेवा. सिस्टर फोन करी तेवा मी लोकलात लोंबकळत, ‘मागीर करा’ म्हणान ठेवी.

निवृत्त सिस्टर
म्हणूनच मी कार्डावर तीन नंबर लिहायचे. नवऱ्याचा, माहेरचा आणि शेजारच्या दुकानाचा. दुकानदाराला सगळं माहीत असतं. पोर्टलवर एकाच नंबरला जागा आहे, बाकीचे दोन वहीतच राहिले.

पी व्हॅल्यू
ती वही कुठे आहे आता?

निवृत्त सिस्टर
माझ्याकडे. मागायला अजून कुणी आलेलं नाही. आणि आलात तरी आयांची परवानगी घेतल्याशिवाय देणार नाही, तुमच्या एथिक्स कमिटीच्या आधीपासून माझी रीत आहे ती.

पणजीकार
परवानगी मिळाली तर बांबोळीच्या बाजूने डिस्चार्ज कार्ड कुणाकडे मागायचं ते मी विचारून सांगतो. माझी वहिनी तिथे प्रसूती विभागात आहे. पण बाब्याने भाजीचा विषय परत काढला तर नाही.