बागेवरच्या लोंबत्या तारांच्या जागी केबल हवी आहे, मार्गदर्शन करा

नमस्कार मंडळी,
राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. बागेवरून लघुदाबाच्या उघड्या तारा गेल्या आहेत आणि त्यांना एवढा झोळ आलाय की वारा सुटला की तारा एकमेकींवर आपटतात, ठिणग्या थेट कातळावरच्या वाळक्या गवतात पडतात. गेल्या मार्चमध्ये असाच वणवा लागला. शेजारच्या काकांची कैऱ्या धरलेली कलमं डोळ्यांदेखत होरपळली. वायरमन तार ताणून गेला, पण ऊन वाढलं की तार पुन्हा सैल पडते.

कॅलिफोर्नियात 2018 साली एका जुन्या वाहिनीचा झिजलेला हूक तुटला आणि त्या वणव्यात 85 माणसं गेली. त्यानंतर तिथे तारा जमिनीखाली नेण्याचं, आवरण असलेल्या तारा टाकण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. आमच्या जांभ्यात चर खणणं फार खर्चाचं. म्हणून खांबांवरूनच जाणारी एरियल बंच केबल मागावी असं वाटतं. तिच्या तारांना आवरण असतं, त्या पिळलेल्या असतात, त्यामुळे घासल्या तरी ठिणगी पडत नाही.

कोणी अशी केबल बागेवरून टाकून घेतली आहे का? अर्ज एकेकट्याने करावा की ग्रामपंचायतीच्या ठरावासह? खर्च कोणावर पडला? तोवर तारांमध्ये स्पेसर (तारा एकमेकींपासून लांब ठेवणारे तुकडे) बसवून मिळतात का? आणि भरपाईसाठी तलाठ्यांच्या पंचनाम्याबरोबर विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो का, तेही कृपया सांगा. गवत वाळायच्या आत काम व्हायला हवं.