व्हीटी, वाडीबंदर की कुलाबा? खानदेशचा कापूस मुंबईत नक्की कुठे उतरायचा

जिनवाला_जळगाव
कापूस व्यापारावरच्या स्मरणिकेचा मजकूर तपासतोय. एका लेखात तीन विधानं आहेत: (१) १८५३ ची पहिली गाडी व्हीटीच्या (व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं सीएसएमटी) आजच्या इमारतीतून सुटली, (२) जळगाव-अमळनेरच्या कापसाच्या गासड्या (दाबून बांधलेले गठ्ठे) त्याच स्टेशनात उतरायच्या, (३) पंजाब मेल सुरुवातीपासून व्हीटीहूनच निघते. तिन्ही पटत नाहीत. छपाईला जाण्याआधी दुरुस्ती हवी. मुखपृष्ठासाठी इमारतीचा फोटो घ्यायचाय, तेही सांगा.

तापीकाठ
पहिलं विधान सरळ काढून टाका. १६ एप्रिल १८५३ ला गाडी सुटली ती बोरीबंदरहून, ठाण्यापर्यंत, ३४ किलोमीटर. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. व्हीटीचं काम सुरूच झालं १८७८ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. नाव पडलं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात. वास्तुरचना फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, खर्च १६ लाख १४ हजार रुपये.

गोंधळ होतो तो नावामुळे. नवं स्टेशन जुन्याच्या परिसरातच उभं राहिलं आणि लोकांच्या तोंडी बोरीबंदर हेच नाव राहिलं. म्हणून सन लिहाल तेव्हा नावही त्या सनाचंच लिहा: १८८७ आधी बोरीबंदर, १९९६ पर्यंत व्हीटी, मग सीएसटी, २०१७ पासून सीएसएमटी. जागतिक वारसा यादीत ती २००४ मध्ये आली.

अमळनेरकर
काय भो, दुसरं विधान तर सगळ्यात घोळाचं. व्हीटी हे प्रवाशांचं स्टेशन आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या रेल्वे कंपनीचं मुख्यालय. जीआयपीचा माल वाडीबंदरच्या यार्डात जायचा. दगडी कमानींखाली गासड्यांची थप्पी लागलीये असं चित्र कोणी काढलं असेल तर ते छापू नका.

त्यातही जळगाव आणि अमळनेर एका वाक्यात बांधू नका. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव जीआयपीच्या मुख्य मार्गावर. अमळनेरला सुरतेकडून तापी व्हॅली रेल्वे आली, ती १८९८ ते १९०० या काळात. त्या बाजूने गेलेला माल सुरतेहून बीबीसीआयच्या (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) रुळावर चढायचा, आणि बीबीसीआयचं मुंबईतलं शेवटचं स्टेशन होतं कुलाबा. कापसाचा जुना बाजारही कुलाब्यालाच भरायचा. पुढे १९२० च्या दशकात तो शिवडीकडे हलला. आजचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याचंच नाव सांगतं. बंदरातल्या रुळांसाठी पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वे १९१५ पासून होती. १९३० च्या शेवटी कुलाबा स्टेशन बंद झालं आणि मुंबई सेंट्रल आलं. म्हणजे उत्तर तीन गोष्टींवर ठरतं: माल कुठे चढला, कोणत्या कंपनीच्या रुळावर गेला आणि सन कोणतं.

जुनी रेल्वे पावती हातात असेल तर आधी वरचं कंपनीचं नाव वाचा, मग 'कुठून' आणि 'कुठे'चे रकाने, मग नगसंख्या आणि वजन. प्रेस केलेली गासडी ३९२ पौंडांची, दोन गासड्यांची एक खंडी, ७८४ पौंड. नगाला ३९२ च्या आसपास वजन येत नसेल तर तो माल बहुधा सैल भरलेल्या पोत्यांचा. आजच्या १७० किलोच्या गासडीने जुने आकडे गुणू नका, ३९२ पौंड म्हणजे जवळपास १७८ किलो. म्हणून दोन गासड्यांची खंडी ३५६ किलोची. जिनिंग-प्रेसिंगवाले दाबून गासडी बांधायचे ते याचसाठी, सैल रुईने वजन भरण्याआधी वाघीण (मालडबा) भरते.

घाट_बँकर
एक भर. स्मरणिकेत 'रेल्वे आली आणि तेजी आली' असं वाक्य नक्की असणार. ते तपासा. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा तुकडा १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला म्हणून इथे तेजी होती; ते युद्ध एप्रिल १८६५ मध्ये आटोपलं आणि भाव कोसळले. खानदेशात रूळ घाटाआधीच सुरू झाले होते, पण घाट पूर्ण होईपर्यंत मधला टप्पा रस्त्याने करावा लागे. म्हणजे तेजीतल्या कापसाला सलग रेल्वे मिळाली ती तेजीच्या शेपटीला.

घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मुंबईहून येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लागतं. भरलेल्या गासड्या मात्र उतारावर जायच्या, त्यामुळे तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेकची चिंता. ताबा सुटलेली गाडी अडवायला घाटात चढावर नेणाऱ्या कॅच सायडिंग ठेवल्यात त्या याचसाठी.

तापीकाठ
तिसरं राहिलं. पंजाब मेल, म्हणजे तेव्हाची पंजाब लिमिटेड, १ जून १९१२ ला सुटली ती बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून, थेट पेशावरसाठी. विलायतेची टपाल बोट धक्क्याला लागली की टपाल आणि साहेबलोक तिथूनच गाडीत. तीन डबे प्रवाशांचे, तीन टपालाचे, जागा फक्त ९६. भुसावळवरून २४९६ किलोमीटर, सुमारे ४७ तास. १९१४ पासून ती व्हीटीहून सुटू लागली.

जिनवाला_जळगाव
झकास. फोटो?

अमळनेरकर
दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी समोरून काढला तर इमारत सावलीत आणि मागचं आभाळ पांढरं येईल. दुपारनंतर महापालिकेच्या बाजूने काढा. तीही इमारत स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. घुमटावरची मशालधारी 'प्रगती' लांब लेन्सशिवाय टिपत नाही. फाटकाच्या खांबांवरचे सिंह (इंग्लंड) आणि वाघ (हिंदुस्थान) वेगवेगळे घ्या, ओळी लिहिताना अदलाबदल होते. आणि दगडात कोरलेल्या संचालकांच्या चेहऱ्यांत नाना शंकरशेट आहेत, तो एक फोटो आतल्या पानाला ठेवा.